खऱ्या रेसकारचे आकडे सिम्युलेटरमध्ये टाकले, तरी गिरगावातल्या पोराची गाडी का घसरते?

समजा, गिरगावातली एक चाळ आहे. दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. अभ्यासाच्या टेबलाला स्टीअरिंग क्लॅम्पनं आवळलंय. ब्रेक दाबला की पेडल पुढं सरकतात म्हणून त्यांच्यापुढं तांदळाचा डबा लावलाय. रात्रीचे अकरा वाजलेत, घरातले झोपलेत, म्हणून कानाला हेडफोन. आणि स्क्रीनवर बेल्जियममधलं स्पा सर्किट.

पोराच्या हातात एक कागद आहे. खऱ्या जीटी थ्री रेसकारची सेटअप शीट. टायरमध्ये हवा किती, स्प्रिंग किती कडक, पुढच्या चाकांचा कल किती, मागचा पंखा कितव्या खाचेत, सगळं त्यावर लिहिलेलं. कुणाच्या तरी ओळखीतून व्हॉट्सॲपवर फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलेली. त्यानं एकेक आकडा नीट बघून सिम्युलेटरमध्ये भरला. गाडी तीच, ट्रॅक तोच, आकडे खऱ्या टीमचे.

पहिल्याच लॅपला गाडी गरगर फिरून भिंतीवर.

पोरगं वैतागतं. मग दोनपैकी एक निष्कर्ष काढतं. एक तर हा सिम्युलेटर म्हणजे नुसता व्हिडिओ गेम, खऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. नाहीतर आपल्यालाच गाडी चालवता येत नाही. गंमत अशी की बहुतेक वेळा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. चूक झालेली असते ती आकडा उचलण्यात.

हा विषय आत्ता काढायचं कारण काय? तर सिम्युलेटर हा टाइमपास राहिलेला नाही. २७ सप्टेंबर २०२५ ला जर्मनीच्या नुर्बुर्गरिंगवर चार तासांची एक शर्यत झाली. ट्रॅकची लांबी वीस किलोमीटरच्या वर, वळणं मोजता मोजता दमायला होईल इतकी. फरारी २९६ जीटी थ्री घेऊन ती जिंकली मॅक्स व्हर्स्टापेन आणि ख्रिस लुलहॅम या जोडीनं. व्हर्स्टापेन कोण ते सांगायला नको. पण लुलहॅम हा सिम रेसिंगमधून, म्हणजे ऑनलाइन शर्यतींतून पुढं आलेला पोरगा. त्याआधी २०११ मध्ये जॅन मार्डनबरो नावाच्या ब्रिटिश तरुणानं ग्रान टुरिस्मो या गेमच्या स्पर्धेतून खऱ्या गाडीची सीट मिळवली होती आणि २०१३ ला ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याची गाडी आपल्या वर्गात तिसरी आली. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही निघाला.

मुंबईच्या पोरांसाठी तर हा जवळजवळ एकमेव रस्ता आहे. राष्ट्रीय स्पर्धा जिथं वर्षानुवर्षं भरतात ते ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरला. एफवन झाली ते बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला. दादरहून यातलं काहीही गाठायचं म्हणजे हजार किलोमीटरच्या पुढचा प्रवास. वर गाडीचं भाडं, टायर, पेट्रोल, मेकॅनिक आणि राहणं. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० मध्ये साखीरला जिंकला तेव्हा फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला, पण त्या पायरीपर्यंत पोचायला लागणारा पैसा कोटींमध्ये मोजतात. लालबाग-परळच्या घरात ती गोष्ट निघतच नाही. तिथं पंचवीस-तीस हजारांचं स्टीअरिंग आणलं तरी आई महिनाभर ऐकवते.

म्हणजे ज्याच्याकडं ट्रॅक नाही त्याची सगळी भिस्त सिम्युलेटरवर. मग त्यातली गाडी खऱ्या गाडीसारखी वागते का, हा प्रश्न त्याच्यासाठी चैनीचा राहत नाही.

आधी सेटअप म्हणजे काय ते बघू. रेसकार कंपनीतून जशी येते तशी कुणी चालवत नाही. प्रत्येक ट्रॅकला, प्रत्येक हवेला तिचे शंभर तरी स्क्रू फिरवले जातात. हवेचा दाब, चाकांचा आत-बाहेर कल, म्हणजे कॅम्बर आणि टो, स्प्रिंग, डॅम्पर, अँटी-रोल बार, जमिनीपासूनची उंची, पंखाचा कोन, ब्रेक पुढं किती आणि मागं किती. यातलं एक बदललं की दुसरं बिघडतं. मागची बाजू कडक केली तर मागची चाकं मोकळी वाटायला लागतात.

लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यात जाऊन आलेल्यांना हे लगेच कळेल. तिथं बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशा मिरच्या घ्यायच्या, धणे-खोबरं-गरम मसाला जोडायचा, भाजून डंखावर कुटून घ्यायचं. प्रत्येक घराचं प्रमाण ठरलेलं. पण जुनी बाई गेल्या वर्षीची चिठ्ठी तशीच्या तशी दुकानदारापुढं धरत नाही. आधी मिरची मोडून बघते. यंदाची तिखट आहे का, रंग देतेय का, दमट आहे का. चिठ्ठीतलं प्रमाण गेल्या वर्षीच्या मिरचीचं असतं. सेटअप शीटचंही तेच आहे. ती एका गाडीची, एका टायरची, एका दिवसाच्या हवेची आणि एका ड्रायव्हरची चिठ्ठी असते.

आकडा तोच, माप वेगळं

आता त्या पोराच्या कागदाकडं परत येऊ. त्यावर लिहिलं होतं, समजा, पुढची स्प्रिंग २०० न्यूटन प्रति मिलिमीटर. सिम्युलेटरच्या स्क्रीनवर शब्द होता ‘व्हील रेट’. पोरानं तिथं २०० च्या जवळचा आकडा टाकला. इथंच घोळ झाला.

स्प्रिंग चाकावर थेट बसलेली नसते. मध्ये दांडे आणि सांधे असतात. चाक १० मिलिमीटर वर उचललं गेलं तर स्प्रिंग कदाचित ७ मिलिमीटरच दबते. या प्रमाणाला मोशन रेशो म्हणतात, इथं तो ०.७. स्प्रिंग कमी दबते म्हणून जोर कमी, आणि तो जोर दांड्यातून चाकापर्यंत येताना पुन्हा तितकाच कमी होतो. म्हणून ०.७ ला ०.७ नं गुणायचं, ०.४९ येतं. म्हणजे २०० ची स्प्रिंग चाकापाशी ९८ ची भासते. स्प्रिंग रेट म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, व्हील रेट म्हणजे चाकाला जाणवणारा कडकपणा. असेट्टो कॉर्सा कॉम्पेटिझिओनसारख्या सिम्युलेटरमध्ये दुसरा आकडा मागतात. पोरानं गाडी दुप्पट कडक करून ठेवली होती. स्पाच्या कर्बवर चाक पडलं की ते जमिनीला चिकटायच्या ऐवजी उडणारच.

अशा खाचाखोचा पावलोपावली आहेत. डॅम्परचं ‘८ क्लिक’ म्हणजे पूर्ण बंदपासून आठ की पूर्ण उघड्यापासून आठ? बऱ्याच खऱ्या टीम बंदपासून मोजतात, आणि सिम्युलेटरमध्ये शून्य म्हणजे बहुधा सगळ्यात मऊ. एकाचं कडक ते दुसऱ्याचं मऊ. टो खऱ्या गॅरेजमध्ये मिलिमीटरमध्ये लिहितात, स्क्रीनवर अंशांमध्ये येतो, आणि मिलिमीटरचे अंश करायला मोजणी कोणत्या व्यासावर केली ते माहीत पाहिजे. गाडीची उंची एक टीम फ्लोअरच्या पुढच्या टोकाला मोजते, सिम्युलेटर कदाचित चाकाच्या आसापाशी. शीट भरली तेव्हा टाकीत पेट्रोल किती होतं? ४० लिटर म्हणजे साधारण ३० किलो. ड्रायव्हर ६० किलोचा होता की ८५ चा? कागद यातलं काहीच सांगत नाही, कारण तो ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना हे सगळं पाठ असतं.

आणि हवा. शीटवर थंड टायरचं प्रेशर असतं. टायर तापला की आतली हवा फुगते. टायरमध्ये २६ पीएसआय हवा असेल तर दर १० अंश सेल्सिअसला साधारण सव्वा ते दीड पीएसआय वाढते. स्पाच्या गार सकाळी भरलेला आकडा सिम्युलेटरमधल्या ३० अंशांच्या दुपारी घातला तर टायर फुग्यासारखा होणार आणि मधल्या पट्ट्यावरच धावणार. म्हणून समजदार माणूस थंड प्रेशर उचलतच नाही. तो बघतो की चार-पाच लॅपनंतर गरम टायर कितीवर स्थिर व्हायला हवा, आणि तिथून उलटा हिशोब करतो. बाइकवाल्यांना हे ठाऊक आहे. पेट्रोल पंपावर हवा भरायची तर सकाळी गार टायरमध्ये, पनवेलहून तापून आल्यावर नाही.

टायर हा सगळ्यात अवघड पाहुणा

मापं जुळवली, तरी पुढची अडचण उरते. सिम्युलेटरमधली गाडी म्हणजे शेवटी गणित. आणि त्या गणितातला सगळ्यात हट्टी भाग म्हणजे टायर. रबर तापतं, झिजतं, वाकतं, डांबराच्या दाण्यात घुसतं. हे सगळं समीकरणात बसवायचा प्रयत्न जगात अनेकांनी केला. सगळ्यात प्रसिद्ध आहे नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेका यांचं सूत्र. त्याला चक्क ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात. कारण ते रबराच्या आत काय चाललंय हे सांगत नाही, मोजलेल्या आकड्यांवर अचूक बसणारी रेघ तेवढी काढून देतं.

पण मोजलेले आकडे आणायचे कुठून? अमेरिकेत बफेलो शहराजवळ कॅल्स्पॅन नावाची प्रयोगशाळा आहे. तिथं फिरत्या पट्ट्यावर टायर दाबून, वाकवून, तिरका करून त्याचे बळ मोजतात. जगभरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या रेसिंग टीमनी मिळून एक संघ केला, फी भरली की टीमला हा डेटा मिळतो. आपल्याकडची कॉलेजंही या दुनियेत आहेत. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, विद्याविहारच्या के. जे. सोमय्यामध्ये पोरं स्वतः एका सीटची रेसकार बांधतात आणि कोइम्बतूरला ‘फॉर्म्युला भारत’मध्ये पळवतात. १८८७ साली मुंबईच्या गिरण्यांच्या काळात सुरू झालेल्या संस्थेच्या आवारात आज सस्पेन्शनचे आलेख काढले जातात, ही गोष्ट मुंबईच्या बातम्यांत फारशी येत नाही.

तर त्या प्रयोगशाळेच्या डेटाचीही एक मेख आहे. तिथला पट्टा सँडपेपरसारखा खरखरीत असतो. त्यावर टायर जेवढा चिकटतो तेवढा डांबरावर चिकटत नाही. म्हणून टीमना तो आकडा खाली आणावा लागतो, कधीकधी दोन तृतीयांशापर्यंत. म्हणजे बघा, प्रयोगशाळेत काटेकोर मोजलेला खराखुरा डेटाही जसाच्या तसा वापरता येत नाही. खरा आकडा आणि उपयोगी आकडा यांत एवढं अंतर असतं.

घरगुती सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपन्यांना गाडी कंपनी काही माहिती देते, काही देत नाही. टायर कंपन्या तर आणखी हात आखडता घेतात. उरलेली जागा सिम्युलेटरवाले अंदाजानं भरतात आणि खऱ्या ड्रायव्हरला बसवून ‘बरोबर वाटतंय का’ विचारतात. त्यातून गाडी एकूण खरी वाटते, पण कोपऱ्यांत चोरवाटा राहतात. मग ऑनलाइनवर वेगवान पोरं त्या शोधून काढतात. खऱ्या गाडीत कुणी घेणार नाही असं प्रेशर, कुणी लावणार नाही अशी मागची उंची, आणि लॅप मात्र अर्ध्या सेकंदानं जलद. असे सेटअप पैसे घेऊन विकलेही जातात. ऑनलाइन जिंकायला ते बरे. पण उद्या चेन्नईला खऱ्या गाडीत बसायचं असेल तर अंगाला चुकीची सवय लागलेली असते.

वरळीचं ऑफिस आणि बॅनबरीचं गॅरेज

हे सगळं घरगुती झालं. ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांचं काय होतं?

मुंबईतच एक उदाहरण आहे. परळहून टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर वरळीला महिंद्रा टॉवर्स आहे. या समूहाची ‘महिंद्रा रेसिंग’ ही टीम इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत २०१४ च्या पहिल्या सीझनपासून आहे. पहिला विजय जून २०१७ मध्ये बर्लिनला, फेलिक्स रोझेनक्विस्टनं मिळवून दिला. मालक मुंबईचे, पण टीमचं गॅरेज इंग्लंडमधल्या बॅनबरीला. दारूवालाही २०२३ मध्ये याच टीमचा राखीव ड्रायव्हर होता आणि पुढच्या सीझनला मासेराटीकडून तो फॉर्म्युला ई खेळला.

फॉर्म्युला ई हा सिम्युलेटरवर जगणारा खेळ आहे, आणि त्याला कारण आहे. शर्यती बहुतेक शहरांच्या रस्त्यांवर होतात. आठवडाभर आधी तिथं रिक्षा फिरत असतात. सराव मिळतो अर्ध्या-अर्ध्या तासाचा, दोनदा. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेन सागरच्या काठानं शर्यत झाली, तेव्हा १८ वळणांच्या त्या २.८ किलोमीटरच्या रस्त्यावर आधी कुणीच शर्यतीची गाडी चालवली नव्हती. मग तयारी कशी करणार? रस्त्याचं सर्वेक्षण करून त्याचा त्रिमितीय नकाशा बनतो, तो सिम्युलेटरमध्ये जातो, आणि ड्रायव्हर हजारो किलोमीटर लांब बसून शेकडो लॅप मारतो.

त्यात नवीन भानगड अशी की २०२३ पासून आलेल्या जेन थ्री गाडीला मागच्या चाकांना नेहमीसारखा हायड्रॉलिक ब्रेकच नव्हता. मोटर उलटी चालवून गाडी थांबवायची आणि वीज परत मिळवायची. शर्यतीत खर्च होणाऱ्या ऊर्जेतली सुमारे ४० टक्के अशी ब्रेकमधून येते असं स्पर्धेचे आयोजक सांगतात. म्हणजे ब्रेकचा सेटअप पान्यानं होत नाही, सॉफ्टवेअरमध्ये होतो. आणि सॉफ्टवेअरची चाचणी सिम्युलेटरवर.

एवढी तयारी असूनही हैदराबादनंतर दोनच आठवड्यांनी, २५ फेब्रुवारीला, केपटाऊनमध्ये वेगळंच झालं. शर्यतीच्या दिवशी महिंद्रानं दोन्ही गाड्या मागं घेतल्या. मागच्या सस्पेन्शनच्या भागांबद्दल सुरक्षेची शंका आली होती. महिंद्राचीच यंत्रणा वापरणाऱ्या एब्ट कुप्रा टीमनंही गाड्या काढून घेतल्या. सिम्युलेटर चुकला असं यावरून म्हणता येणार नाही. पण केपटाऊनचा रस्ता खडबडीत होता आणि तिथं समोर आलेली गोष्ट आधी कुठल्याच तयारीत इतक्या स्पष्टपणे आली नव्हती, एवढं नक्की. शर्यत सोडायचा निर्णय कुठल्याही टीमला सुखाचा नसतो. तरी त्यांनी रस्त्याचं ऐकलं, हे चांगलं केलं.

यापेक्षा मोठा धक्का एफवनमध्ये बसला तो २०२२ साली. नियम बदलले, गाड्या जमिनीला चिकटवणारा नवा फ्लोअर आला. सगळ्यांनी बोगद्यात आणि संगणकावर वर्षभर अभ्यास केला. फेब्रुवारीत बार्सिलोनाला गाड्या खऱ्या ट्रॅकवर उतरल्या आणि सरळ रस्त्यावर उड्या मारायला लागल्या. ‘पॉर्पोइझिंग’ म्हणतात त्याला. सगळ्यात जास्त भोगलं मर्सिडीजनं. सलग आठ वेळा टीमचं विजेतेपद घेणाऱ्या या टीमला त्या वर्षी एकच शर्यत जिंकता आली. त्यांच्या गणितात गाडी जमिनीजवळ जितकी खाली तितकी वेगवान होती. ती तिथं स्थिर राहणारच नाही, हे गणिताला कुणी विचारलंच नव्हतं.

जगातल्या सगळ्यात महागड्या सिम्युलेटरची ही गत. तिथं गिरगावच्या पोरानं पहिल्या लॅपला भिंत गाठली तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मग खऱ्या डेटाचा उपयोग तरी काय?

उपयोग आहे, भरपूर आहे. फक्त आकडा उचलायचा नाही, फरक उचलायचा.

खरी टीम अशी काम करते. आधी सिम्युलेटरची गाडी खऱ्या गाडीशी जुळवतात. याला कोरिलेशन म्हणतात. तोच ड्रायव्हर, तोच ट्रॅक, तेवढंच पेट्रोल. खऱ्या गाडीतून निघालेला वेगाचा आलेख आणि सिम्युलेटरचा आलेख एकावर एक ठेवतात. लॅपचा वेळ जुळला यावर कुणी समाधान मानत नाही, कारण दोन चुका एकमेकींना झाकूनही वेळ जुळू शकतो. सरळ रस्त्यावर गाडी खोटी वेगवान आणि वळणात खोटी हळू, बेरीज सारखी. म्हणून बघतात ते वळणाच्या मध्यावरचा कमीत कमी वेग, स्टीअरिंग किती अंश वळवलं, ब्रेक कुठं दाबला, सस्पेन्शन किती दबलं. वळणात सिम्युलेटर ५ किलोमीटरनं वेगवान निघाला तर टायरची पकड जास्त धरली गेलीय. ती कमी करायची, पुन्हा चालवायचं.

हे जुळलं की मग खरा प्रश्न विचारायचा. मागचा अँटी-रोल बार एक पायरी मऊ केला तर खऱ्या गाडीत काय झालं होतं? वळणातून बाहेर पडताना मागची चाकं चांगली धरली, पण आत शिरताना गाडी आळशी झाली. सिम्युलेटरमध्येही तसंच होतंय का? दिशा तीच आहे का आणि साधारण तेवढंच होतंय का? होत असेल तर सिम्युलेटरवर विश्वास टाकायला हरकत नाही, भले त्यात बारचा आकडा ‘३’ असो आणि खऱ्या गाडीत ‘५’. होत नसेल तर आकडे कितीही खरे असले तरी उपयोग नाही.

घरच्या पोरालाही यातलं बरंच करता येतं, आणि फुकट. खऱ्या टीम जे मोटेक नावाचं आलेखाचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यात असेट्टो कॉर्सा कॉम्पेटिझिओनचा डेटा थेट उघडतो. यूट्यूबवर खऱ्या गाडीच्या आतून घेतलेले व्हिडिओ आहेत, त्यांत वेग आणि गिअर दिसतो. एखाद्या वळणावर खरी गाडी कोणत्या गिअरमध्ये, किती वेगानं जाते हे वहीत लिहून काढायचं आणि आपल्या आलेखाशी ताडून बघायचं. सिम्युलेटरचा मूळचा सेफ सेटअप घ्यायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच लॅप मारायच्या, काय वाटलं ते लिहायचं. कंटाळवाणं आहे. शीटवरचे पंचवीस आकडे एकदम भरण्याइतकं झगझगीत नाही. पण एकदम पंचवीस गोष्टी बदलल्या की गाडी कशामुळं घसरली हे देवालाही सांगता येणार नाही.

यातून न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. खुर्चीत बसून अंगावर जोर येत नाही. खऱ्या गाडीत मागची चाकं सुटताहेत हे आधी बुडाला कळतं, मग डोळ्यांना. स्वस्त पेडल फक्त पाय किती सरकला ते मोजतात, तर खऱ्या रेसकारचा ब्रेक जोरावर चालतो, त्यावर पूर्ण ताकदीनं पाय मारावा लागतो. ‘लोड सेल’वाले पेडल जोर मोजतात, पण मग तांदळाचा डबा पुरत नाही, खाली लोखंडी चौकट लागते, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते. भीती तर कुठल्याच बॉक्समध्ये मिळत नाही. खऱ्या ड्रायव्हरचा सेटअप थोडा सुरक्षित बाजूचा असतो, कारण त्याला भिंत लागते. सिममधल्याला रिसेटचं बटण असतं.

आता राहिला ट्रॅक. मोठे सिम्युलेटर लेझरनं रस्ता स्कॅन करतात, डांबरातला उंचवटा मिलिमीटरच्या हिशोबानं पकडतात. लालबागच्या आंबेडकर रोडचा असा स्कॅन केला तर काय काय सापडेल याची कल्पना करा. काँक्रीटचे सांधे, बुजवलेले चर, मॅनहोलची झाकणं, उड्डाणपुलाचे जोड. बेस्टच्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला हा नकाशा पाठीनं पाठ असतो. शर्यतीच्या गाडीचा सेटअप याच गोष्टींवर ठरतो. गुळगुळीत कल्पून केलेला सेटअप इथं पहिल्या सिग्नलपर्यंतही टिकणार नाही.

आणि इथंच भारतीय पोरांची खरी गोची आहे. एफवन आणि मोटोजीपीच्या गेममध्ये कधीतरी आलेलं बुद्ध सर्किट सोडलं, तर नावाजलेल्या सिम्युलेटरच्या अधिकृत यादीत भारतातला ट्रॅक शोधावा लागतो. हौशी लोकांनी फोटो आणि उपग्रहाचे नकाशे बघून बनवलेले मॉड मिळतात, पण त्यात उंचवटे अंदाजाचे. परिणाम असा की दादरच्या पोराला स्पाचं प्रत्येक वळण डोळे मिटून येतं आणि ज्या चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर तो खरंच कधी जाऊ शकेल, तिथला पहिला ब्रेक कुठं मारायचा हे माहीत नसतं. चेन्नईचा एक चांगला स्कॅन आणि तिथं धावणाऱ्या फॉर्म्युला गाडीचा दोन-चार लॅपचा खरा डेटा खुला झाला, तर त्याचा जितका फायदा होईल तितका महागड्या स्टीअरिंगचा होणार नाही. यात टीमची गुपितं उघडी पडण्याचं कारण नाही. सगळ्यांना एकच गाडी देणाऱ्या सुरुवातीच्या वर्गांमध्ये लपवण्यासारखं असतंच किती?

२०२५ मध्ये नवी मुंबईत पाम बीच रोडच्या परिसरात रात्रीची स्ट्रीट रेस घेण्याची घोषणा झाली, तेव्हा सोशल मीडियावर वाद रंगला तो ट्रॅफिकचा, खर्चाचा आणि खड्ड्यांचा. तो वाद व्हायलाच हवा. पण अशी शर्यत जेव्हा केव्हा होईल, तेव्हा त्याआधी कुणीतरी त्या रस्त्याचं इंच-इंच मोजमाप घेणार, कारण त्याशिवाय टीमना तयारी करता येत नाही. रस्ता सार्वजनिक आहे, महापालिकेच्या पैशानं दुरुस्त होणार आहे. ती फाइल फक्त टीमच्या सर्व्हरवर राहणार, की हार्बर लाइनच्या पल्याड गिरगावात तांदळाच्या डब्याला पेडल टेकवून बसलेल्या पोरालाही उघडता येणार, हे अजून कुणी विचारलेलं नाही.